आक्का विचारायला आली

जयवंता जिना चढायला तयार नव्हती. एकनाथरावांचं हैदराबादचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि त्यांच्या बायकोने, तारामतीने, वर पोहे करून ठेवले होते. पण उमरग्याकडून एसटीने आलेली त्यांची थोरली बहीण फाटकाबाहेर, इस्त्रीवाल्याच्या गाड्याशेजारी, कडुलिंबाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. वॉचमनने दोनदा विचारलं, "अम्मा ऊपर नै आते क्या साब?" एकनाथरावांनी नुसती मान हलवली आणि चहा, पोहे खाली आणले.

"पोहे ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मला फकस्त येवढंच सांग, पुन्हा होतंय का न्हाई."

ती काय विचारायला येणार हे त्यांना ठाऊक होतं. ती गाडीत बसल्याबरोबर भाचा ओमकारचा फोन आला होता. गावात दीड महिन्यापासून जमिनीतून आवाज येत होते. लांब कुठेतरी सुरुंग उडवावा तसा आवाज यायचा, मग पायाखाली बारीक थरथर व्हायची आणि फळीवरची भांडी किणकिणायची. ओमकारची मुलगी अकरा आठवड्यांची होती. तिला घरात निजवायला जयवंता तयार नव्हती. भूकंपानंतर सरकारने बांधून दिलेल्या त्या घरात तिने देव ठेवले, धान्य ठेवलं, ओमकारला वाढवलं, पण स्वतः एकही रात्र ती तिथे झोपली नव्हती. अंगणात पत्र्याचं छप्पर होतं, तिथे तिची बाज असायची. जानेवारीच्या गारठ्यात तिने तान्ह्या नातीलाही तिथेच नेलं. पोरीला कफ झाला आणि पाच दिवस लातूरच्या दवाखान्यात काढावे लागले. सून त्रिवेणी आता म्हणत होती, की असंच चालणार असेल तर मी माहेरी जाते, ती कायमचीच.

"मामा," ओमकार फोनवर म्हणाला होता, "काही होणार नाही एवढं बोला. आई तुमचंच ऐकते. एवढ्या एका वाक्यावर माझं घर राहील."

एकनाथराव एकोणसाठ वर्षांचे होते आणि मे महिन्यात निवृत्त होणार होते. पृथ्वीच्या पोटातल्या हालचालींचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत ते तंत्रज्ञ होते. संस्थेच्या आवारात सिमेंटचा एक बुटका खांब होता आणि त्यावर उपग्रहांचे संदेश टिपणारा अँटेना. तो पुसायचा, बॅटरी बघायची, केबल उंदरांनी कुरतडली नाही ना ते पाहायचं आणि वर्षातून काही वेळा दूरच्या ठाण्यांवरची भूकंपमापक यंत्रं तपासून यायची, हे त्यांचं काम. खांब रोवल्याला तीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तो ईशान्येकडे पाच फुटांहून जास्त सरकला होता. त्याच्यासोबत नामपल्लीचं स्टेशन, गौलीगुड्याचा बाजार, सगळं हैदराबाद आणि त्याखालचा सगळा कातळ सरकला होता. गल्लीतल्या लोकांना वाटायचं, हा माणूस भूकंप ओळखतो. एकनाथरावांनी सुरुवातीला पुष्कळांना समजावून सांगितलं, नंतर सोडून दिलं.

एक वाक्य बोलायचं होतं. ते त्यांच्या तोंडात तयार होतं, कारण हेच वाक्य त्यांनी पूर्वी एकदा बोललेलं होतं.

१९९२च्या दिवाळीतही असेच आवाज येत होते. माणसं शेतात निजत होती. नोकरीला दोन वर्षं झालेले एकनाथराव भाऊबीजेला गेले, तेव्हा जयवंता पोरीला घेऊन खळ्यावर राहत होती. त्यांनी हसून सांगितलं होतं, "आपली जमीन म्हणजे जुना कातळ, आक्का. भूकंप हिमालयाकडे होतात. इथं काही होत नसतं. घरात नीज." त्यांनी हे मनाने रचलेलं नव्हतं. पुस्तकांत तसंच होतं आणि साहेब लोकही तसंच म्हणायचे. हैदराबादच्या माणसाने सांगितलं म्हणून ती घरी परतली. आणखी चार घरं परतली. पुढच्या सप्टेंबरात, गणपती बोळवल्यावर पहाटे, दगडमातीचं ते घर बसलं. नवरा गेला, सात वर्षांची लेक गेली. जयवंताला दुपारी बाहेर काढलं, तेव्हा ओमकार तिच्या पोटात होता.

त्यानंतरच्या बत्तीस वर्षांत तिने भावाला त्या वाक्यावरून एका शब्दानेही बोल लावला नाही. दर भाऊबीजेला ओवाळलं. ते मात्र तिच्या अंगणात गेले की छपराकडे बघायचं टाळायचे.

"आक्का, चल," ते म्हणाले. "माझ्या मॅडमना विचारू. त्या शास्त्रज्ञ आहेत."

आपण उत्तर द्यायचं टाळतो आहोत, हे त्यांना कळत होतं.

ऑटोने ते संस्थेत गेले. सुलभा मॅडमची खोली पहिल्या मजल्यावर होती. जयवंता खालीच थांबली. एकनाथरावांनी वर जाऊन सगळं सांगितलं, तशा मॅडम खाली उतरल्या आणि तिच्याशेजारी पायरीवरच बसल्या. त्या मूळच्या पुण्याच्या, वीस वर्षं हैदराबादेत होत्या. सोप्या शब्दांत सांगायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला. सगळ्या देशाची जमीन उत्तरेकडे रेटा देते आहे, पुढे हिमालय आडवा आहे, त्यामुळे दाब साठतो. तो आत, आपल्या भागातल्या जुन्या भेगांपर्यंतही पोचतो. कुठली भेग कधी सरकेल हे जगातलं कोणतंही यंत्र सांगत नाही. तुमच्या गावासारखे आवाज पुष्कळ ठिकाणी येतात आणि आपोआप थांबतात. बहुतेक वेळा पुढे काहीही होत नाही.

जयवंताने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "भौतेक म्हंजी?"

"म्हणजे नेहमीच नाही, ताई."

"तुमी कुठं निजता?"

"नवव्या मजल्यावर."

"लेकरं हायेत?"

"एक मुलगी आहे."

"भ्या वाटत न्हाई?"

"कधी कधी वाटतं," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी जे सांगण्यासारखं होतं ते सांगितलं. घर चांगलं बांधलेलं आहे, आधीच्यासारखं दगडमातीचं नाही. फळीवरचं जड सामान खाली काढा, बाळाला दाराजवळ निजवा, दार मोकळं ठेवा. जयवंताने दोन्ही हात जोडले. वर परत जाताना मॅडमनी एकनाथरावांच्या खांद्याला हात लावला.

दोघं पायरीवर उरले. समोर हिरवळीपलीकडे तो खांब उन्हात होता. ओमकारचा फोन दोनदा वाजून थांबला. एकनाथरावांनी मनात ते वाक्य पुन्हा जुळवलं. होणार नाही म्हणायचं, बस. नाहीच झालं तर ते वाक्य खरंही ठरेल, आणि होणार नाही याचीच शक्यता फार मोठी होती. त्यांनी बहिणीकडे पाहिलं. ती वाट बघत होती.

"मला माहीत नाही, आक्का," ते म्हणाले.

तिने मान डोलावली. मग विचारलं, "तव्हा ठाऊक व्हतं?"

"नव्हतं."

"मग तव्हा कामून तसं न्हाई म्हनलास?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. एकनाथरावांनी तोंड उघडलं. पुस्तकांचं सांगावं, साहेबांचं सांगावं, आपण सव्वीस वर्षांचे होतो आणि बहिणीपुढे शहाणं दिसायचं होतं हेही सांगावं, असं सगळं त्यांच्या मनात आलं आणि त्यातलं काहीच बाहेर पडलं नाही. जयवंताने पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली आणि ते पिऊन होईपर्यंत दुसरीकडे बघत राहिली.

दुपारच्या गाडीला त्यांनी तिला गौलीगुड्याच्या बसस्थानकावर आणून बसवलं. मीही येतो, चार दिवस राहतो, असं ते म्हणाले. "तू येऊन काय करशील?" तिने विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांनी खिडकीतून केळी आणि बिस्किटांचा पुडा दिला आणि गाडी सुटली.

मग ओमकारला फोन केला. आक्काला काय म्हटलं ते सांगितलं. "एवढंच मागितलं होतं, मामा," तो म्हणाला आणि फोन ठेवला. पुढचे बारा दिवस तिकडून कुणाचा फोन आला नाही. एकनाथराव रोज कामावर जात, भूकंपमापकांच्या नोंदीत गावाजवळचे बारीक धक्के शोधत. चौथ्या दिवशी दोन होते, नवव्या दिवशी एक. त्यावरून काही कळत नव्हतं.

तेराव्या दिवशी, रविवारी सकाळी, त्रिवेणीचा फोन आला. ती माहेरी गेली नव्हती. सासूबाईंनी परतल्यावर पितळेची सगळी भांडी फळीवरून खाली उतरवली, पाळणा दाराजवळ आणला आणि पोरीला आत निजवायला हरकत घेतली नाही, असं तिने सांगितलं.

"मग आक्का आत झोपते?" एकनाथरावांनी विचारलं.

"न्हाई मामा. त्या आंगणातच असतात." ती तक्रार करत होती की नुसतं सांगत होती, ते त्यांना कळलं नाही. "पाळण्याच्या दोरीला त्यांनी कपडे वाळवायची दोरी जोडलीया. दारातून भायेर नेलीया बाजेपर्यंत. पोरगी रडली की बाजेवरूनच वडतात."

फोनमध्ये मागे पाळण्याच्या कड्या कुरकुरत होत्या, थांबत होत्या, पुन्हा कुरकुरत होत्या.