पाठीमागे फक्त पाणी

व्हर्लन टिपेटच्या बोटीवर एकच नियम होता, पण तो म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बिअर प्या, शिव्या द्या, हाताशी आलेला मासा सुटला म्हणून ढसाढसा रडा, त्याचं काही म्हणणं नसे. फोटो मात्र तो काढणार, आणि फोटोत पाठीमागे फक्त पाणी दिसणार. झाड नको, लव्हाळ्याचं बेट नको, लांबचा बांधसुद्धा नको. गिऱ्हाइकांचे फोन सकाळी धक्क्यावरच बोटीतल्या एका डब्यात जात आणि डब्याची किल्ली व्हर्लनच्या गळ्यात. एका बड्या डॉक्टरनं एकदा खिशातून गुपचूप दुसरा फोन काढला. व्हर्लननं बोट तिथूनच वळवली आणि त्याला धक्क्यावर आणून उतरवलं. "उद्या दुसरा गाईड बघा साहेब," म्हणाला, "पुष्कळ पडलेत."

लोक हसायचे त्याला. हसेनात का! ओकीचोबी तळं एवढं मोठं की या काठावरून तो काठ दिसत नाही, पण म्हणून बास मासा काय सगळीकडे सांडलेला असतो? तो ठरावीक जागी असतो, आणि त्या जागा म्हणजेच गाईडची भाकरी. फोटोत एखादं ओळखीचं झाड दिसू दे, की मासेमारीच्या स्पर्धेतली पोरं दुसऱ्या दिवशी तिथं हजर. इथल्या माणसांना तळ्यावरची झाडं अशी पाठ, जशी शेजाऱ्यापाजाऱ्यांची तोंडं.

त्यात मागच्या मोठ्या वादळानं तळाचा सगळा गाळ वर काढला. पाणी दुधाच्या चहासारखं झालं, पाणगवत कुजलं, आणि व्हर्लनच्या जागा एकामागून एक मेल्या. उरली ती एकच. पश्चिमेला लव्हाळ्याच्या दाट भिंतीआड एक लहानशी खाडी होती. तिथं पोचायचं तर मोटर बंद करून बांबूनं बोट रेटावी लागे. आत पाणी नितळ, तळाला वाळू, आणि मधोमध एक वाळकं, वाकडं सायप्रसचं झाड. त्याच्या शेंड्यावर मासे पकडणाऱ्या घारीचं मोठं घरटं. वसंताच्या तोंडाला बास तिथं अंडी घालायला येत. नर शेपटीनं वाळू झाडून ताटाएवढं आळं करी, मादी त्यात अंडी घाली, आणि मग तो नर उपाशीपोटी तिथं राखण करत बसे. ही जागा टिकली तर व्हर्लन टिकणार होता. नाही टिकली, तर जॉर्जियाला लेकीकडे जायचं आणि जावयाच्या ओसरीवर बसून त्याच्या कुत्र्याला हाकलायचं. जावई वाईट नव्हता, पण ओसरी त्याची होती ना!

अशात मार्चमध्ये ऑड्रीबाई आल्या.

ऑड्री क्रेमर म्हणजे ओहायोच्या नॉर्बर्टची बायको. नॉर्बर्ट वर्षानुवर्षं दर मार्चला एकटा यायचा, व्हर्लनच्या बोटीत बसायचा, आणि दहा पौंडांच्या बासची वाट बघत परत जायचा. नऊपर्यंत पोचला होता. दहाचा काही लागला नाही, आणि हिवाळ्यात तो गेला. आता त्याची टोपी घालून बाई स्वतः आल्या होत्या. गळ कधी हातात धरलेला नाही, पाण्याची भीती, आणि पायात चर्चला जायचे बूट.

आमिषाच्या दुकानातली ट्रुडी चंदेरी मासळ्या बादलीत घालता घालता म्हणाली, "काय व्हर्लन, आज नटूनथटून पाहुणी आणलीस! दाढीबिढी केलीयस."

"गप गं. नॉर्बर्टची बायको आहे ती."

"अगंबाई!" ट्रुडीनं तोंडावर हात नेला, आणि मग बादलीत आणखी दोन मासळ्या टाकल्या.

व्हर्लन खरं तर त्यांना त्या खाडीत नेणार नव्हता. नवख्या माणसाला तिथं न्यायचं म्हणजे गाढवापुढे गीता. पण सकाळभर गढूळ पाण्यात बसून काहीच हाताला लागेना. बाई तक्रार करीनात. नॉर्बर्टच्या डब्यातली बिस्किटं खात म्हणाल्या, "तो घरी येऊन काय सांगायचा माहितीय? तळं सुंदर आहे म्हणायचा. बास्स! एवढंच. मी विचारायचे, अरे, सुंदर म्हणजे कसं? सांगताच यायचं नाही मेल्याला."

व्हर्लननं मोटर सुरू केली. बोट पश्चिमेला वळवली.

खाडीत शिरल्यावर त्यानं जिवंत मासळी गळाला लावली, लव्हाळ्याच्या कडेला सोडली आणि दोरीवरची तरंगती लाल गोटी बाईंना दाखवली. "ही बुडाली की ओढायचं. आधी नाही."

गोटी थरथरली, सरकली आणि गडप झाली.

"ओढा बाई! ओढा!"

"अरे देवा! अरे देवा! व्हर्लन, हा मलाच ओढतोय!"

"ओढू द्या! काठी वर ठेवा! खाली नको, वर! नॉर्बर्टनं काहीच शिकवलं नाही का तुम्हाला?"

"तो मला कधी आणायचाच नाही!" बाई हसता हसता रडायला लागल्या. काठी मात्र सोडली नाही.

मासा बोटीत आला तेव्हा व्हर्लनचा वजनकाटा दहाच्या पुढे गेला. भरल्या पोटाची मादी. ओठाच्या कडेला तिळासारखा काळा डाग.

"नॉर्बर्टलासुद्धा इथंच तीळ होता," बाई म्हणाल्या. "याचं नाव नॉर्बर्ट."

"मादी आहे ती, बाई."

"असू दे. त्याला चाललं असतं."

व्हर्लननं फोनचा डबा उघडून बाईंचा फोन काढला आणि सवयीनं त्यांना मोकळ्या तळ्याकडे पाठ करून बसवलं. बाईंनी मासा कवेत धरला, पण कॅमेऱ्याकडे बघेनात.

"नको असा," त्या म्हणाल्या. "घरी त्याचे एवढे फोटो आहेत. सगळ्यांत नॉर्बर्ट, मासा आणि मागे पाणी. कुठं जायचा हे मला कधी कळलंच नाही रे. एकदा तर मनात आलं, हा तळ्यावर जातो तरी का, की दुसरीकडेच कुठं." त्यांनी मान वळवून वाळक्या झाडाकडे पाहिलं. घार घरट्यात बसली होती. "त्या झाडाबरोबर काढ ना."

 नाही म्हणायला तोंड उघडलंही व्हर्लननं. पण नॉर्बर्ट इतकी वर्षं समोरच्याच खुर्चीत बसला होता, आणि त्याच्या बायकोला त्याच्यावर संशय आला होता, तो कुणाच्या नियमापायी? म्हातारीनं एवढा जड मासा अजून कवेत धरून ठेवला होता.

"वळा," तो म्हणाला. "पण बाई, हा फोटो कुठं टाकायचा नाही. कुणाला पाठवायचा नाही. देवाची शपथ घ्या."

"घेतली," बाई म्हणाल्या. आणि मनापासून घेतली, यात शंका नाही.

फोटो झाल्यावर मासा पाण्यात सोडला. नॉर्बर्ट जरा थांबला, मग शेपूट हलवून आळ्याकडे गेला. बाईंनी टोपी काढून त्याला निरोप दिला.

गुरुवारी व्हर्लन आमिष आणायला गेला, तर ट्रुडी नेहमीसारखी टोमणा मारेना. तिनं मुकाट्यानं आपला फोन काउंटरवर सरकवला. ऑड्रीबाई, मासा, झाड, घरटं. खाली बाईंच्या चर्चच्या महिला मंडळाचं नाव. बाईंनी फक्त मंडळाच्या प्रार्थनेसाठी फोटो दिला होता, आणि मंडळानं तो कौतुकानं सगळ्या जगाला दाखवला होता. देवभोळी माणसं ती! चर्चबाहेर जग असतं हे त्यांच्या डोक्यात कुठून यायला?

"कुणी विचारलं का?" व्हर्लननं विचारलं.

"विचारायचंय काय त्यात? ते वाकडं झाड माझ्या आंधळ्या सासूलाही ओळखू येईल." मग ती हळूच म्हणाली, "शनिवारी स्पर्धा आहे, व्हर्लन."

शनिवारी उजाडता उजाडता तो खाडीच्या तोंडाशी पोचला. लव्हाळ्याची भिंत फाडून बोटी आत घुसल्या होत्या, एकीला एक लागून. पोरं उभ्यानं पाण्यात बघत होती आणि आळ्यावर बसलेले नर एकेक उचलून बोटीतल्या टाकीत टाकत होती. स्पर्धेचा वजनकाटा तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मासे तिथंच वजन करून तिथंच सोडायचे. कायद्यानं कुणाचं काही चुकत नव्हतं.

"अरे, नर उचलू नका रे!" व्हर्लन ओरडला. "खाली अंडी आहेत! नर गेला की बारके मासे मिनिटात साफ करतात!"

एक पोरगा वळला. चांगल्या घरचा, अदबीनं बोलणारा. "माहितीय काका. पण मी सोडला तर हा शेजारचा उचलेल." आणि मग खरोखर आदरानं म्हणाला, "त्या आजींचा फोटो झकास होता हं! तुम्ही काढला ना?"

 व्हर्लननं बोट मागे घेतली.

सोमवारी तो परत गेला. पाण्यात ढवळलेला गाळ खाली बसत होता. आळी तिथंच होती, एकाला एक लागून, आणि प्रत्येकात बारक्या माशांच्या झुंडी चरत होत्या. झाडापासून थोड्या अंतरावर एक मोठी मादी पोट वर करून तरंगत होती. त्यानं बांबूनं तिला जवळ ओढलं. ओठाच्या कडेला तीळ. गळाचे दोन नवे घाव होते. आठवडाभरात किती वेळा कुणी धरली आणि सोडली, देव जाणे.

तेवढ्यात फोन वाजला. ऑड्रीबाई.

"व्हर्लन! अरे, तो फोटो मी मोठा करून नॉर्बर्टच्या फोटोशेजारी लावलाय. आता वाटतं, दोघं एकाच ठिकाणी आहोत. तुझे उपकार कसे फेडू रे मी!"

व्हर्लननं काय काय बोलायचं ठरवलं होतं! शपथ, मंडळ, पोरं, सगळं. त्यानं बांबूच्या टोकाशी तरंगणाऱ्या मादीकडे पाहिलं.

"ऐकतोयस ना? माझा नॉर्बर्ट कसा आहे? दिसला परत?"

"दिसला, बाई," व्हर्लन म्हणाला. "आत्ताच दिसला."

"पुढच्या मार्चला येणार मी. तिथंच नेशील ना?"

"नेईन की. झाड कुठं जातंय!"

एप्रिलमध्ये मिशिगनचा एक माणूस आला, नियम आधीच ऐकून आलेला. धक्क्यावर त्यानं आपणहून फोन पुढे केला. व्हर्लन म्हणाला, "राहू द्या तुमच्याजवळच." दिवसभर गढूळ पाण्यात बसून त्या माणसाला वीतभर बास लागला. तरी बिचारा खूश झाला, मासा धरून उभा राहिला, आणि मग गोंधळून चारी दिशांना बघायला लागला.

"कुठल्या बाजूला तोंड करू?"

"करा कुठंही," व्हर्लन म्हणाला.