बाराव्या खुर्चीवर गोजराबाई

आमच्या मंडळीत पाय धुवून घ्यायला लोक पाय धुवून येतात. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी भूगावच्या आमच्या हॉलमध्ये बारा खुर्च्या मांडतात, आणि मंडळीचे पंच गुडघ्यावर बसून बारा जणांचे पाय धुतात. टाचा घासलेल्या, नखं कापलेली, बायकांचं नेलपॉलिश ताजं. त्यावर कोमट पाणी ओतायचं, नवा पांढरा टॉवेल लावायचा, फोटो काढायचे. मला राग येतो. धुणाऱ्यांत सगळ्यांत पुढे माझाच नवरा असतो म्हणून जास्तच येतो.

हे शरदचंद्र मंडळीत पंच आणि सोसायटीत चेअरमन. पार्किंगच्या कोपऱ्यात कामगारांसाठी संडास आहे. वास येतो अशी तक्रार आली, तेव्हा साफ करून घ्यायचं सोडून यांनी त्याला कुलूप ठोकलं आणि किल्ली स्वतःच्या जुडग्यात अडकवली. जिने झाडणाऱ्या गोजराबाई सकाळी येतात त्या उन्हं कलल्यावर घरी जातात. तोवर त्यांनी काय करायचं, हे कमिटीत कुणी विचारलं नाही.

मी एकदा पाणी देऊ केलं तर नको म्हणाल्या. "पानी पिलं की जावं लागतं, ताई. जायाचं कुटं? म्हनून घरी जाईस्तवर पीतच न्हाई म्या."

"आमच्या घरी या की."

"साहेब असत्यात. वंगाळ वाटतं."

गेल्या महिन्यात लघवीला जळजळ होऊन त्यांना ताप भरला. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर प्या.

त्या रात्री जेवताना मी किल्ली मागितली.

"विषय कमिटीत घेऊ, सुलक्षणा," हे म्हणाले. "आणि सूर जरा खाली. ख्रिस्ती माणसाच्या अंगी सौम्यता हवी."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. एक बाई दिवसभर लघवी दाबून यांचे जिने पुसते, आणि सौम्यता मी शिकायची? मंदिरात बाजार मांडणाऱ्या सराफांचे चौरंग उलथताना प्रभू येशूचा सूर खाली होता काय, असं विचारलं. यांनी भात मागितला.

यंदा बारा जणांत माझं नाव होतं. मी गोजराबाईंना म्हटलं, "माझ्या जागी तुम्ही बसा. साहेब समोर येतील तेव्हा किल्ली मागू. चारचौघांत नाही म्हणणार नाहीत."

"कामावरनं काढलं म्हंजी?"

"मी गप्प बसणार नाही."

त्यांनी झाडू उचलला आणि पुढचा जिना झाडायला लागल्या. पण त्या संध्याकाळी आल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून.

शेवटच्या खुर्चीवर त्यांना पाहून हे थबकले. फोटोवाला समोरच होता. लगेच चेहरा नम्र करून गुडघ्यावर बसले आणि पायांकडे हात नेला. मी तोंड उघडणार तोच गोजराबाईंनी पाय मागे घेतले.

"पाय नगं, साहेब. पाय म्या घरनं धुऊन आलिया. संडासाची किल्ली तेवढी द्या."

पेटी वाजवणारा थांबला. पाळकसाहेबांनी पवित्र शास्त्रात डोकं घातलं.

"उद्या बघू, बाई," हे पुटपुटले.

गोजराबाईंनी तळहात पुढे धरला. तो मागे घेतला नाही. पहिल्यांदाच मी बोलणं दुसऱ्यावर सोडलं. शेवटी यांनी टॉवेल खाली ठेवला, खिशातून जुडगा काढला आणि किल्ली सोडवायला लागले. ओल्या बोटांनी ती निघता निघेना. निघाली तशी त्यांच्या हातावर ठेवली, मान वर न करता.

गोजराबाईंनी ती पदराला गाठ मारून बांधली आणि उठल्या. दाराशी माठ होता. तिथं थांबून त्या पेलाभर पाणी प्यायल्या. मग पेला पुन्हा भरला.