बुटका जॅक आणि जांभळे तेल

मी एक जुना जॅक आहे, विमानाचा चाके लावलेला पाय उचलणारा. मित्रांनो, 'जुना' हा शब्द ऐकून तुम्ही उसासा टाकायच्या बेतात असाल, तर तो उसासा तुमच्याजवळच ठेवा. मला कुणाची दया नको आहे. मी माझी बाजू मांडायला आलो आहे आणि ती तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घ्यायची आहे.

माझी उंची वीतभर. जाड पोलादी बूड, आत तेलाची टाकी, मधोमध वर सरकणारा दांडा आणि बाजूला पंपाचे हँडल. हँडल हलवले की तेल दांड्याखाली शिरते, दांडा वर येतो आणि विमानाचा पाय उचलून धरतो. मग मिस्त्री निवांत चाक बदलतो. तेल निसटू नये म्हणून दांड्याभोवती रबराच्या रिंगा असतात. माझे सगळे बळ त्या रिंगांत आहे. लोक मात्र पोलादाकडे बघून वाहवा करतात.

ज्यांनी मला घडवले त्यांनी मुद्दामच बुटका घडवला. टायर फुटले की विमानाचा पाय खाली बसतो आणि त्याच्याखाली जेमतेम माझ्याएवढी जागा उरते. त्या जागेत जो शिरेल तोच कामाचा. हँगरमध्ये, म्हणजे विमाने दुरुस्त होतात त्या शेडमध्ये, सगळे मला बुटक्या म्हणू लागले. म्हणेनात का! माझ्या डोक्यावर किती विमाने उभी राहिली, हे त्या उंच माणसांना मोजता आले नसते.

त्या हँगरमधली दोन माणसे तुम्हाला सांगायला हवीत. हत्यारांची खोली सांभाळणाऱ्या बाईला लहानथोर सगळे ताई म्हणत. चाकांचा मिस्त्री मात्र तिचा खराखुरा धाकटा भाऊ होता. तो माझा लाड करी आणि ती माझी तपासणी करी. वर्षातून एकदा ती मला तपासणीच्या चौकटीत बसवून पुरा भार पेलायला लावी, दहा मिनिटे तो धरून ठेवायला लावी आणि मगच माझ्या अंगावर नव्या तारखेचे लेबल चिकटवी. त्या काळात मला भाऊ जास्त आवडत असे.

मग हँगरच्या साहेबांनी नवा जॅक मागवला. माहितीपुस्तकातला टनांचा आकडा बघूनच त्यांचे डोळे दिपले. माझ्या दुप्पट वजन उचलणारा, पिवळाधमक, छोट्या चाकांवर डौलात फिरणारा. दांडा पुरता खाली गेल्यावर त्याची उंची किती, हे कुणी विचारलेच नाही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. टायर शाबूत असताना चाके बदलायला तो बरा पडत असे, म्हणून कुणाच्या लक्षातही आले नाही.

मला त्यांनी दाराशी नेऊन ठेवले. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून! विमाने पेलणाऱ्याला दाराचा अडसर केले. अर्धा दिवस अंगावर ऊन, येणाऱ्याजाणाऱ्याच्या बुटाची ठोकर. ताईने साहेबांना दोनदा सांगितले की याची तपासणी राहिली आहे. दाराला कसली तपासणी, असे म्हणून साहेब हसले. माझ्या लेबलावरची तारीख उलटून गेली.

मिस्त्री तेवढा मला विसरला नाही. येताजाता फडक्याने पुसायचा. एके दिवशी त्याने झाकण उघडून पाहिले आणि टाकीतले तेल कमी झालेले बघून त्याचा जीव कळवळला. कपाटात दोन डबे होते. लाल तेल आम्हा जॅकांचे, जांभळे तेल विमानाच्या नळ्यांतले. जांभळे जास्त भारी. विमानाला जे चालते ते माझ्या बुटक्याला का नको, असे पुटपुटत त्याने जांभळा डबा माझ्यात रिकामा केला.

मित्रांनो, माझे रबर लाल तेलासाठी घडवलेले. जांभळ्यात ते फुगते, मऊ पडते, कुजते. मला आतून जाणवत होते, पण सांगणार कसे? तो मात्र माझ्या पाठीवर थाप मारून खुशीत निघून गेला.

दोन आठवड्यांनी सकाळीच एक विमान उतरताना त्याच्या एका पायाचे दोन्ही टायर फुटले. ते धावपट्टीच्या मधोमध बसले. त्याला ओढताही येईना आणि दुसरे विमान उतरताही येईना. नव्या जॅकची स्वारी डौलात गेली आणि चार बोटे उंच ठरली. कितीही ढकलले तरी तो पायाखाली शिरेना. तेव्हा साहेबांना दाराशी पडलेला मी आठवलो. अडला हरी गाढवाचे पाय धरी!

ताईने लेबल पाहिले आणि ती माझ्यासमोर उभी राहिली. तारीख संपून दोन महिने झाले आहेत, देणार नाही, म्हणाली. साहेब तापले. दोन महिन्यांत काय लोखंड सडते का, असे त्यांनी विचारले. ती हलली नाही. मग भाऊच पुढे आला.

"ताई, दहा मिनिटांचं काम आहे. सगळ्यांसमोर माझी शोभा करू नकोस. मी ओळखतो याला."

"तू ओळखतोस, मान्य. पण वर विमान असणार आणि खाली तुझे हात. उद्या आईने विचारलं तर तिला काय दाखवू, जुनं लेबल?"

शेवटी ती म्हणाली की अर्धा तास द्या, भार देऊन बघते, टिकला तर घेऊन जा. साहेबांनी घड्याळ बघत मान हलवली.

मला चौकटीत बसवले. हँडल हलू लागले, भाराचा काटा चढला, पुरा भार आला. खोटे कशाला सांगू, मलाही वाटत होते की टिकावे. दाराशी पडून राहिलेल्याला असा दिवस पुन्हा कुठला मिळणार? मी सगळा जोर लावला. एक मिनिट गेले, दोन गेली, तीन गेली. चौथ्या मिनिटाला दांड्याच्या कडेने एक थेंब आला. मी बोटभर खाली आलो आणि मग पुरताच बसलो.

लाज वाटली का, असे तुम्ही विचाराल. नाही वाटली. त्या क्षणी माझ्या भरवशावर विमानाखाली कुणाचे हात नव्हते, हे मी डोळ्यांसमोर ठेवले. त्या दिवशी विमान मी उचलले नाही. शेजारच्या विमानतळावरून एक बुटका जॅक ट्रकने आला, त्यात चार तास गेले, प्रवासी संतापले. संतापू देत. इतकी वर्षे मी जे उचलले त्याहून जास्त अभिमान मला त्या बसण्याचा आहे.

ताईने पांढऱ्या फडक्याने तो थेंब टिपला. जांभळा डाग उमटला. हे तेल कुणी घातले, तिने विचारले.  मग तिने भंगाराची लाल चिठ्ठी काढली. कुणी, कधी, किती घातले ते ठाऊक नसेल, तर आत काय काय बिघडले ते कसे कळणार? तशा जॅकवर तिने कधीच भरवसा ठेवला नसता. खरे सांगायचे तर मीही ठेवला नसता.

मिस्त्री खाली मान घालून उभा होता. चूक नोंदवहीत गेली की त्याला चाकांना हात लावता येणार नव्हता. गप्प राहिला असता तर मी एकटा भंगारात गेलो असतो. चिठ्ठी माझ्या हँडलला बांधली जात असताना तो पुढे झाला.

"ताई, थांब. जांभळा डबा मीच ओतला. दोन आठवडे झाले. चांगलं व्हावं म्हणून ओतला गं."

तिने चिठ्ठी सोडवली आणि नोंदवहीत सख्ख्या भावाचे नाव लिहिले. एकेक अक्षर नीट काढले.

दुसऱ्या दिवशी त्यानेच मला उघडले. ताई बाजूला उभी राहून एकेक भाग तपासत होती. माझ्या रिंगा भिजलेल्या पावासारख्या निघाल्या, बोटाने दाबताच तुटल्या. त्या तळहातावर घेऊन तो कितीतरी वेळ आपल्याच दहा बोटांकडे बघत राहिला. मग त्याने मला आतून धुतले, नव्या रिंगा घातल्या, लाल तेल भरले आणि आतली हवा काढली. ताईने पुन्हा भार दिला. मी दहा मिनिटे केसभरही हललो नाही. तिने नवे लेबल चिकटवले आणि ती त्याला म्हणाली, "चल, आता जेवून घे."

महिनाभर त्याला चाकांपासून दूर ठेवले. तो बहिणीच्या हाताखाली तेलाचे डबे लावत बसला. त्याबद्दल त्याने कधी कुरकुर केल्याचे मी ऐकले नाही.

मित्रांनो, मला पुसू नका असे मी म्हणत नाही. पुसा. पण मला निवडताना आधी माझी उंची बघा, मगच टन बघा. ज्याचे जे तेल, तेच त्याला द्या. लाडाने ओतलेले परके तेलही मला आतून खाते. आणि माझ्या भरवशावर कुणाचे हात विमानाखाली घालण्याआधी मला भार देऊन बघा, मग मी कितीही लाडका असेन. मला खोटे बोलता येत नाही, पण कुणी विचारल्याशिवाय मला खरेही सांगता येत नाही.