भातावर टांगलेल्या सीड्या

माझ्या पोराला, धनाजीला कुणाला विचारायची सवयच न्हाई. भात निसवलं, लोंब्या बाहेर आल्या, पाखरं पडायला लागली, तर ह्यानं ट्रंकेतल्या सीड्या काढल्या, दोऱ्यात ओवल्या आणि पासली गावातल्या आमच्या भातखाचरावर टांगल्या. पंधरा दिवस त्या तिथं चमकत होत्या. म्या बांधावर गेले तवा दिसल्या. एकेकीवर लाल नेलपॉलिशनं आकडे काढलेले. शाळेत म्या दुसरीपर्यंतच गेले, पण माझ्या सुनेच्या हातचा आकडा मला कळतो.

सून म्हणजे सोनिया. माझी नात शेफाली दीड वर्षाची असताना ती वारली. शेफालीच्या बारशाची फिल्म सोनियाच्या भावानं, इंद्रजितनं काढली होती, ती त्या सीड्यांत. सोनिया त्यात पाळणा म्हणते. शेफाली आता वीस वर्षांची, दिवाळीला घरी आलेली, आणि आईचा आवाज कसा होता ते तिला ठाऊक न्हाई.

धनाजीला विचारलं तर म्हणाला, मागं कॉम्प्युटरात एकेक घालून बघितली, सगळ्या फाईल अपूर्ण म्हणतात, खराब झाल्यात. मूळ फिल्म होती तो इंद्रजितचा कॉम्प्युटर तर कधीच भंगारात गेला.

म्या सीड्या सोडवून पदरानं पुसल्या. एक, तीन, चार, आणि एकीवर नुसतं 'जादा'. दोन नंबरची वाऱ्यानं कुठं नेली कुणास ठाऊक. शेफाली अंधार पडेपर्यंत चिखलात शोधत होती. बापाशी एक शब्द बोलली न्हाई.

दुसऱ्या दिवशी नसरापूरला श्रेयसच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो. त्याच्याकडं सीडी घेणारा जुना कॉम्प्युटर अजून चालू आहे. धनाजी संगं आला, पण आत पाऊल टाकलं न्हाई. दारातच, रिक्षांपाशी उभा राहिला. श्रेयसनं सांगितलं, फिल्म लई मोठी, म्हणून सॉफ्टवेअरनं दाबून लहान केली आणि चार भाग पाडले. एकटा भाग उघडत न्हाई. सगळे एका फोल्डरमध्ये ठेवायचे आणि पहिल्यापासून सोडवायचे. दुसरा भाग न्हाई म्हटल्यावर तो सीड्या मला परत द्यायला लागला. शेफालीनं माझा हात घट्ट धरला.

म्या 'जादा' त्याच्या पुढं सरकवली. म्हटलं, ही काय शोभेला दिली का इंद्रजितनं?

त्यानं ती घातली आणि हसला. म्हणाला, आजी, तुमच्या पाहुण्यानं डोकं चालवलंय. चारांतला कुठलाही एक हरवला तर बाकीच्या तिघांना ही जोडून तो परत तयार करता येतो.

कॉम्प्युटर घरघरत राहिला. चहा आला, तसाच गार झाला. मग पडद्यावर हिरव्या साडीतली सोनिया आली. पाळणा म्हणता म्हणता मधेच ओळ विसरली, हसली, आणि समोर बघून म्हणाली, "अहो, तुम्ही हसू नका की."

शेफालीनं तोंडावर हात घेतला. म्या बाहेर आले. आवाज दारापर्यंत येत होता. धनाजी खांबाला धरून उभा होता.

म्या म्हटलं, "धन्या, ह्या चालत न्हाईत म्हटल्यावर तुला हायसं वाटलं. तिचा आवाज परत ऐकायचं भ्या वाटलं, म्हणून तू पुढं कुणाला विचारलंच न्हाईस. भ्यालास त्याचा मला राग न्हाई. पण तुझ्या भ्यापायी पोरगी आईच्या आवाजाला मुकणार व्हती, ती चूक तुझीच. आता आत जा आणि तिच्याजवळ बस."