वाकडा ठरवलेला साचा

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. विटांचा नव्हे, विमानाच्या पंखाचा. अंगाने पोलादी, दोन माणसे उंच आणि बारा पावले लांब. सध्या कारखान्याच्या मागच्या आवारात गवतात आडवा पडलो आहे. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने 'भंगार' असे लिहिले आहे. ते कोणाच्या हातचे आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून माझा राग अजून गेलेला नाही.

माझा जन्म याच कारखान्यात झाला. विमाने परक्यांकडून आणायची नाहीत, आपली आपण बनवायची, असे तेव्हा देशाने ठरवले होते. माझे पाय जमिनीत खोल गाडले आणि तीन महिने घासून मला सरळ केले. त्या घासणाऱ्यांत एक तरुण मिस्त्री होते. पुढे सगळे त्यांना थांबामामा म्हणू लागले. ऊन लागले की धातू फुगतो, केसभर का होईना. सकाळी पूर्वेच्या खिडक्यांतून ऊन माझ्या एकाच बाजूवर पडे. त्या वेळी माझ्यात बसवलेल्या पंखाला भोके पाडली, तर गार झाल्यावर ती विमानाच्या भोकांशी जुळत नाहीत. म्हणून मामा पडदे ओढत, माझ्यावर तळहात टेकवत आणि ड्रिल उचलणाऱ्याला म्हणत, "थांबा." मग दोन तास कोणी ड्रिलला हात लावत नसे.

अशी तीस वर्षे गेली. माझ्यातून दोनशे अकरा पंख निघाले आणि एकही परत आला नाही. मोठमोठे पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. मी थोडा शेफारलोही होतो, खोटे कशाला बोलू? मला वाटे, ही माणसे माझी आहेत.

पुढे मागणी आटली. आपलेच लोक बाहेरची विमाने घेऊ लागले. अशात एका दूरच्या देशाला बारा विमाने हवी होती. ते काम मिळाले, तर आमच्या विभागातल्या एकशे चाळीस जणांची दहा वर्षांची भाकरी सुटणार होती. त्यांचे लोक अकरा वाजता पंख बाहेर निघताना पाहायला येणार होते. विभागाचे साहेब आठलाच हजर झाले.

"मामा, चालू करा."

"साहेब, ऊन आहे. दोन तास द्या."

"तुमच्या या थांबण्यापायीच आपला धंदा बसला. बाहेरचे लोक काय ऊन बघत बसतात?"

मामांनी माझ्याकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि स्वतःच ड्रिल उचलले.

अकरा वाजता पंख निघाला. टाळ्या पडल्या. तिसऱ्या दिवशी तो विमानाला लावायला गेले, तर सतरा भोके जुळेनात. पाहुण्यांनी लेखी कारण मागितले. साहेब एक कागद घेऊन मामांना माझ्यापाशी गाठून म्हणाले, "माणसाचं नाव लिहिलं तर माणूस जाईल. तुम्ही, नाहीतर मी. साच्याचं लिहिलं तर कुणाचं काय जातं? लोखंडच आहे ते."

कागदावर लिहिले होते की साचा जुना होऊन वाकला आहे.

मापे तपासणाऱ्या बाई धावत आल्या. "मी कालच मोजलाय. सुतासारखा सरळ आहे. नाचता येईना अंगण वाकडं, असं नका करू मामा."

मामांनी पेन काढले आणि माझ्याच अंगावर कागद ठेवून सही केली.

ज्यांचा साचाच वाकडा, त्यांचे पंख कोण घेणार? पाहुण्यांनी पाठ फिरवली. नवा साचा करण्यापेक्षा पंखच बाहेरून आणावेत, असे वरून ठरले. विभाग बंद झाला. मला पायांपासून कापून इथे आणून टाकले आणि पाठीवर 'भंगार' लिहायचे काम मामांनाच दिले. नऊ माणसे उरली, बाहेरून येणारी खोकी उघडायला. त्यांत मामा होते, बाईही होत्या.

पहिल्या खोक्यात पंखाबरोबर सूचनांचा कागद निघाला. बाईंनी तो आवारात उभ्या राहून मोठ्याने वाचला, "पंख उन्हात बसवू नये. सर्व भाग सारखे गार होईपर्यंत वाट पाहावी." कोणी हसले नाही. साहेबांनी तो कागद चौकटीत घालून भिंतीवर लावला आहे. आता सगळे तो नियम पाळतात.

परवा जेवणाच्या सुट्टीत मामा माझ्याकडे आले. आजूबाजूला कोणी नाही हे त्यांनी दोनदा पाहिले.

"तुझी चूक नव्हती रे," ते म्हणाले आणि डबा उचलून निघून गेले.

मला ते माहीतच होते. ज्यांना कळायला हवे होते, त्यांच्यापैकी तिथे कोणी नव्हते.

मित्रांनो, मला तेल लावा, पावसापासून जपा, असे मी म्हणणार नाही. उद्या ट्रक यायचा आहे. एवढेच मागतो की हातून चूक झाली तर ती आपल्या नावावर घ्या, मुक्या वस्तूच्या माथी मारू नका. वस्तू बिचारी गप्प राहते, पण त्या खोट्याने एकशे एकतीस घरांच्या पोटावर पाय आला. मी जुना झालो, हे खरे आहे. कापायचे तर खुशाल कापा, पण वाकडा म्हणून कापू नका.