अकरा पायांचं विष

सभागृहात खुर्च्या एकशे वीस होत्या. एकशे सतरा भरलेल्या, दोन मोडक्या, आणि एकीवर कुणीतरी छत्री ठेवून जागा अडवलेली. भिंतीला टेकून उभे असलेले एकोणीस. व्यासपीठावर निळे प्लास्टिकचे टब सहा, प्रत्येक टबासमोर एक खुर्ची आणि प्रत्येक खुर्चीत एक आजारी माणूस. पाण्यात बुडालेले पाय मात्र अकरा, कारण डावीकडून तिसऱ्या खुर्चीतल्या निवृत्त पोस्टमनचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

ही मोजणी काटेवाल्यांची. दुकानांतले, दवाखान्यांतले, गोदामांतले वजनकाटे तपासायचे आणि दुरुस्त करायचे हा त्यांचा धंदा, म्हणून सगळे त्यांना काटेवालेच म्हणत. कुठेही गेले तरी मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्या रविवारीही त्यांनी सगळं मोजलं आणि विचार मात्र कशाचाच केला नाही.

"बघा!" शुद्धीकाका माईकमध्ये ओरडले. पांढरा सदरा, पांढरे बूट, आवाज लोण्यासारखा. "पाणी कसं होतं? काचेसारखं! आता बघा. हा चहा आहे का? नाही! हे यकृत रडतंय, मंडळी! तळपायाला चार हजार छिद्रं असतात, त्यातून वर्षानुवर्षांचं विष खाली उतरतंय!"

मागच्या रविवारी छिद्रं दोन हजार होती. आठवड्यात दुप्पट कशी झाली, हे कुणी विचारलं नाही.

सहाही टबांतलं पाणी तांबूस होत होत गढूळ तपकिरी झालं होतं. वर फेस आला होता. सुरुवातीला काकांच्या मेव्हण्याने प्रत्येक टबात चमचाभर क्षार टाकला होता, पोस्टमनच्या टबात दोन चमचे. प्रत्येक टबाच्या यंत्राला एक काटा होता, त्याला काका 'विषमापक' म्हणत. पोस्टमनचा काटा सगळ्यात पुढे गेला तेव्हा सभागृहाने एकदम श्वास आत घेतला.

"आणि आता," काका म्हणाले, "ज्यांनी सुईची गुलामी सोडली, ते स्वतः बोलतील."

काटेवाले उठले.

पाच महिन्यांपूर्वी ते रक्तदान करायला गेले होते. रक्तपेढीतून चिठ्ठी आली: यकृतात हिपॅटायटिस सीचा विषाणू. तोवर त्यांचं काहीही दुखत नव्हतं. आज या आजारावर गोळ्या मिळतात. ही गोष्ट त्याआधीची. तेव्हा इंटरफेरॉनचं इंजेक्शन घ्यावं लागे, दर शुक्रवारी एक, असे अठ्ठेचाळीस शुक्रवार.

शुक्रवारी संध्याकाळी थंडी भरायची. दोन रजया अंगावर घेऊनही दात वाजायचे. मग एकशे दोन ताप. शनिवारभर हाडं कुणी पिळून वाळत घातल्यासारखी. तोंडाला नाणं चघळल्याची चव. कंगव्यात केस. स्वतःच्याच काट्यावर ते दर सोमवारी उभे राहत. तेरा सोमवारांत सात किलो गेले.

एवढं त्यांनी माईकवर सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही. एकदा एका काट्याचा बारीकसा स्क्रू टेबलाखाली घरंगळला, तेव्हा ते जमिनीवर बसून अर्धा तास रडले होते. बायको उठवायला आली तर तिच्यावर ओरडले होते, "तू माझ्या मरणाचीच वाट बघतेस!" तिने स्क्रू शोधून टेबलावर ठेवला. ही गोष्ट त्यांनी डॉक्टरांनाही सांगितली नव्हती. पुरुषमाणसाने स्क्रूसाठी रडावं, हे सांगायचं तरी कसं?

"तेरा इंजेक्शनं घेतली आणि मेल्यासारखा झालो," ते माईकवर म्हणाले. "काकांनी सुई बंद करायला सांगितलं. टबात पाय ठेवले. आठवड्यात ताप गेला. भूक लागली. महिन्यात केस गळायचे थांबले. आज चालत आलोय!"

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं.

बाहेर पायऱ्यांवर कंडक्टरबाईंनी त्यांना गाठलं. बसमध्ये तिकिटं फाडणाऱ्या बाई, वय चाळिशीचं, डोक्याला रुमाल, कारण केस विरळ झालेले. शुक्रवारच्या रांगेत त्यांची खुर्ची काटेवाल्यांशेजारी असायची. "पुढे सरका, आत खूप जागा आहे!" असं म्हणून त्या आख्ख्या रांगेला हसवायच्या. त्यांची नऊ इंजेक्शनं झाली होती. चौथ्या आठवड्याच्या तपासणीत त्यांच्या रक्तात विषाणू सापडलाच नव्हता. डॉक्टर खूश होते.

आज त्या हसत नव्हत्या. "काटेवाले, माईकवरचं राहू द्या. मला खरं सांगा. काल एका प्रवाशाने सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घातली, तर त्याला बसमधून ढकलावंसं वाटलं. घरी येऊन नुसती भिंतीकडे बघत बसले. मला हे सोसत नाही. हा टब खरा आहे का?"

काटेवाल्यांना अजून टाळ्या ऐकू येत होत्या. ते म्हणाले, "बाई, मी काट्याचा माणूस. खोटं तोलत नाही."

पुढच्या शुक्रवारी दवाखान्यात कंडक्टरबाईंची खुर्चीही रिकामी राहिली. ती बघायला काटेवाले तिथे नव्हतेच.

सहा आठवड्यांनी शुद्धीकाकांचा मेव्हणा एक यंत्र घेऊन काटेवाल्यांच्या दुकानात आला. सभेत टबांत क्षार टाकायचं काम त्याच्याकडे असे. "विषमापक अडकतोय. मोकळा करून द्या. तुम्ही तर घरचेच." सोबत टब आणि क्षाराची पुडी ठेवून तो गेला.

काटा कुठलाही असो, काटेवाल्यांची पद्धत एकच. आधी पारडं रिकामं ठेवायचं आणि काटा शून्यावर थांबतो का ते बघायचं. रिकाम्या पारड्याला जो काटा वजन दाखवतो, त्याच्यावर पुढे काहीही ठेवलं तरी तो खोटंच बोलणार. वीस वर्षांत त्यांनी ही पायरी कधी चुकवली नव्हती.

त्यांनी अडकलेला काटा मोकळा केला. टबात पाणी भरलं, पुडीतला एक चमचा क्षार टाकला, यंत्राचा दांडा पाण्यात सोडला आणि बटण दाबलं. पाय कुणाचेच नव्हते. हे झालं रिकामं पारडं.

काटा शून्यावर थांबला नाही. सरसर वर चढला.

"बिघडलंय," ते पुटपुटले आणि दुसरं काम हातात घेतलं. वीस मिनिटांनी मान वर केली तर टबातलं पाणी तांबूस होऊन तपकिरी झालं होतं. वर फेस.

त्यांनी आणखी एक चमचा क्षार टाकला. काटा आणखी वर. पुडीत बोट घालून जिभेला लावलं. मीठ. साधं, स्वयंपाकाचं मीठ. दांडा उघडला तर आत लोखंडाच्या दोन पट्ट्या, कडा कुरतडल्यासारख्या झिजलेल्या. वीज खाऱ्या पाण्यातून जाते तेव्हा लोखंड झिजतं आणि गंजतं. मीठ जास्त, तर वीज जास्त, तर काटा पुढे आणि गंजही जास्त.

आतून बायको डोकावली. "अहो, हे कुणाचं विष?"

"टबाचं."

ती टबाकडे आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला हसू आलं होतं, ते तिने गिळलं.

काटेवाल्यांना आठवले ते अकरा पाय. दोन-दोन पायांचे पाच टब आणि एका पायाचा एक. छिद्रांतून विष उतरत असतं, तर पोस्टमनच्या टबात ते निम्मं उतरायला हवं होतं. उतरलं सगळ्यात जास्त, कारण 'आजार जुना आहे' म्हणत मेव्हण्याने तिथे दोन चमचे टाकले होते. आपण पाय मोजले, चमचेही बघितले, काटाही बघितला. तीन आकडे समोर होते आणि आपण टाळ्या वाजवत होतो.

पण ताप? ताप तर खरंच गेला होता. ते तसेच उठले आणि दवाखान्यात गेले. शुक्रवारी इंजेक्शन देणाऱ्या सिस्टर कपाट लावत होत्या.

"या या! आम्हाला वाटलं, तुम्ही आम्हाला सोडचिठ्ठी दिलीत."

"सिस्टर, एकच विचारतो. मी इंजेक्शन बंद केलं असतं आणि दुसरं काहीही केलं नसतं, घरी नुसता बसलो असतो, तर काय झालं असतं?"

"थोड्याच दिवसांत ताप गेला असता. भूक लागली असती. पुढे केसही आले असते." सिस्टरनी कपाट बंद केलं. "अहो, फ्लू झाला की आपलं शरीर स्वतःच इंटरफेरॉन बनवतं. फ्लूमध्ये अंग मोडतं ते बरंचसं त्यानेच. आम्ही तेच सुईने देतो, म्हणून दर शुक्रवारी तुम्हाला फ्लू झाल्यासारखं वाटतं. हा त्रास आजाराचा नाही, औषधाचा. औषध थांबलं की त्रास थांबतो."

"आणि विषाणू?"

"तो आधी तरी कुठे दुखत होता?"

काटेवाले बाकावर बसले. जमिनीकडे बघत त्यांनी स्क्रूची गोष्ट सांगितली. बायकोला काय बोलले तेही सांगितलं.

सिस्टर त्यांच्या शेजारी बसल्या. "हेसुद्धा औषधानेच होतं. बऱ्याच जणांना होतं. त्याच्यावर उपाय असतात, लक्ष ठेवता येतं, डोस बदलता येतो. बोलायचं ना! दर शुक्रवारी मी विचारायचे, 'कसं वाटतंय?' तुम्ही म्हणायचात, 'मजेत.'"

"लाज वाटली."

"रडायची लाज वाटली, आणि माईकवर बोलायची नाही वाटली," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनाच ते फार लागेल असं वाटलं असावं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

कंडक्टरबाई डेपोत पाळी संपवून पिशवी आवरत होत्या. डोक्याला रुमाल नव्हता. "बघा काटेवाले, केस आले! पेढ्यांचे मानकरी तुम्ही!"

काटेवाल्यांनी सगळं सांगितलं. लोखंडाच्या पट्ट्या, मीठ, रिकामा टब, सिस्टर. बाई ऐकत गेल्या तसं त्यांचं हसू एकेका वाक्याला उतरत गेलं.

"मी तुम्हाला एकांतात विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "माईकवरचं नको, खरं सांगा म्हणाले होते. आणि तुम्ही काय म्हणालात?"

काटेवाले चष्मा काढून पुसू लागले.

"म्हणा की! मला पाठ आहे, तुम्हीही म्हणा."

"खोटं तोलत नाही, म्हणालो."

"माझा विषाणू गेला होता. गेला होता हो! आता तो परत आला असेल तर पहिल्या सुईपासून सगळं पुन्हा करायचं. ते शुक्रवार, ती भिंत." त्यांनी पिशवीचा बंद ओढला. "माफी नका मागू, मला तिचा उपयोग नाही. ज्या माईकवर बोललात, त्याच माईकवर जाऊन बोला."

रविवारी काटेवाले दुरुस्त केलेलं यंत्र घेऊन सभागृहात गेले. "घरचा माणूस!" म्हणून शुद्धीकाकांनी आपणहून माईक दिला. काटेवाल्यांनी टबात पाणी भरलं, पुडी सोडली, बटण दाबलं आणि टबासमोरची खुर्ची उचलून बाजूला ठेवली.

"यात कुणाचेही पाय नाहीत," ते म्हणाले. "वीस मिनिटं थांबू."

सहाव्या मिनिटाला पाणी तांबूस झालं. दहाव्या मिनिटाला पुढच्या रांगेतले लोक उभे राहिले. पंधराव्याला काकांनी माईक ओढून घेतला. "मंडळी, यंत्र किती शक्तिशाली आहे बघा! सभागृहाच्या हवेतलं विष ओढून घेतंय!"

"मग माझा पाय कशाला भिजवलात?" पोस्टमन कुबडी आपटून ओरडले. "एकच तर उरलाय!"

हशा पिकला. मेव्हणा तारा गुंडाळायला धावला. काटेवाल्यांनी माईक परत घेतला. 

"हसू नका, मीही इथेच बसलो होतो. दोन महिन्यांपूर्वी इथे उभा राहून मी तुम्हाला सांगितलं की मी बरा झालो. मी बरा झालो नव्हतो. औषध बंद केलं म्हणून औषधाचा त्रास बंद झाला होता. आजार आहे तिथेच आहे. माझं ऐकून कुणी सुई सोडली असेल तर उद्या सकाळी दवाखान्यात जा. मीही जाणार आहे. औषधाने रडू येत असेल, घरच्यांवर राग निघत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. मी सांगितलं नाही, म्हणून इथवर आलो. आणि कुणी म्हणालं की अमुक केलं आणि बरं वाटलं, तर त्याला एवढंच विचारा: ते केलं नसतं तर काय झालं असतं? हे मी दर काट्याला विचारतो. स्वतःला विचारायचं राहून गेलं."

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. चौसष्ट जण उठून गेले. चाळीसेक रेंगाळले. नऊ जण चपला काढून टबांकडे गेले आणि रांगेत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काटेवाले आणि कंडक्टरबाई यांचं रक्त घेतलं. दोघांच्यामध्ये एक रिकामी खुर्ची होती. या वेळी बाईंनी 'पुढे सरका' म्हणून रांगेला हसवलं नाही. अहवाल यायला आठ दिवस लागले. तो घ्यायला दोघंही आले, आणि बाईंनी आपला कागद न वाचताच काटेवाल्यांच्या हातात दिला. "तुम्हीच वाचा. मोठ्याने."

काटेवाल्यांनी चष्मा लावला आणि वाचलं.

"चौथा आठवडा: विषाणू आढळला नाही. नवी तपासणी: एक मिलिलिटर रक्तात विषाणूचे बारा लाख साठ हजार एकक."