बोराची बाटली

उस्मानाबादच्या डॉक्टरनं आमच्या मालकांच्या पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचली आणि विचारलं, "दुखतंय?"

"न्हाय," हे म्हणाले. म्हणताना छाती अशी फुगवली, जशी काय कुस्ती मारली.

डॉक्टर माझ्याकडं वळला. "मावशी, हे दुखायला पाहिजे होतं. रक्तात साखर फार झालीय. गोड बंद झालं नाही तर अंगठा कापावा लागेल, आणि ते अंगठ्यावर थांबेल असं मी सांगत नाही."

घरातलं गोड मी त्याच दिवशी बंद केलं. चहा बिनसाखरेचा, सणाला पुरण नाही. तरी अंगठ्यापासनं पावलापर्यंत चिघळलेल्या जखमेतलं पाणी थांबेना. थांबणार कसं? घरात उपास आणि फाट्यावर पारणं चाललं होतं.

हे दूध सोसायटीचे चेअरमन. बेंबळीच्या वाटेवर फाट्याला सोसायटीचं पत्र्याचं ऑफिस, त्याला लागून धुळाप्पाचं सोडावॉटरचं दुकान. दुष्काळानं पिकं नेली, दूध तेवढं राहिलं, त्यामुळं आसपासच्या वस्त्यांवरचा माणूस ह्यांच्याकडं येणार. कुणाच्या दुधाला फॅट लागत नाही, कुणाला पेंड पाहिजे. येणारा आधी धुळाप्पाला हाक मारणार आणि केशरी पाण्याची गोटीची बाटली ह्यांच्या हातात ठेवणार. पाणी कसलं, साखरेचा पाक. धोतरावर सांडला की किती घासलं तरी डाग हटत नाही.

"नको म्हणता येत न्हाय व्हय तुमाला?" मी विचारलं.

"तुला काय कळतंय? माणूस गोटी फोडून हातात देतो. फोडलेली बाटली माघारी दिली की त्याला वाटतं, चेअरमननं काम करायचं न्हाय ठरवलं."

"मग हेच पायाला सांगा. त्याला पटतंय का बघा."

हे भिंतीकडं तोंड करून पडले. उभा जन्म मी ह्या माणसाशी भांडले, आता भांडायचाही कंटाळा आला होता. सकाळी उकळलेल्या पाण्यानं जखम धुवायची, स्वच्छ चिंधी बांधायची, दिवस मावळला की तीच चिंधी ओली. कंबर वाकवून वाकवून माझीच हाडं बोलायला लागली होती.

अशीच एकदा जखम धुताना ध्यानात आलं, ह्यांना साखरेची एवढी गोडी नाही. चारचौघांत फटकन गोटी खाली जावी, फेस वर यावा, बाटली आपल्या हातात असावी, एवढंच ह्यांना पाहिजे. मग बाटलीत काय असावं ते मी ठरवीन.

माझं माहेर सास्तूरचं. आई उन्हाळ्यात वाळलेली बोरं चेचून पाण्यात घालायची, गुळाचा बारकासा खडा टाकायची, फडकं बांधून मडकं सावलीला ठेवायची. काही दिवसांनी बोरं वर येऊन फसफसायची. गूळ त्यातच जिरून जायचा आणि आपल्याला मिळायचं ते आंबट, जिभेला चावणारं पाणी. बोरी आमच्या बांधाला होत्याच. दुष्काळात दुसरं काही आलं नाही, बोरं आली.

धुळाप्पाकडनं मी रिकाम्या बाटल्या मागून आणल्या.

"अक्का, लोणचं घालणार व्हय बाटलीत?"

"तुझ्या धंद्याचं घालणार हाय."

तो हसला. मी खरं बोलतेय हे त्याला कळलं नाही.

पाणी टँकरचं. एक दिवसाआड टँकर येऊन वडाखालच्या हौदात पाणी सोडायचा आणि त्यात पांढरी औषधाची पावडर टाकायचे. घागर तोंडाजवळ आणली की नाक झोंबायचं. आमच्या घरची रीत अशी, की देवाचं आणि पिण्याचं पाणी ताजं. रात्र गेली की ते शिळं, मग ते म्हशीला. दुष्काळ पडला म्हणून मी रीत मोडली नव्हती. टँकर नसेल त्या दिवशी लांबच्या विहिरीच्या तळातलं वाटीवाटीनं भरून आणायचं, पण ताजं. बोरंही मी टँकरच्या पहिल्या घागरीत घातली. बोरं मेल्यासारखी तळाला बसली. पुन्हा घातली, तेच. पुन्हा घातली तर वर बुरशी धरली.

"आत्याबाई, बोरं बी दुष्काळानं दमली आसतील," माझी थोरली सून शिवकांता म्हणाली.

"तू दमू नको म्हंजे झालं. भाकरी थाप."

मग मीच दमले. तापानं अंथरुणाला खिळले आणि त्यात टँकरही आला नाही. पडल्या पडल्या शिवकांताला म्हणलं, बोरं तेवढी भिजव. दुपारी उठून बघते तर मडकं काठोकाठ.

"पाणी कुठनं आणलंस?"

"म्हशीचं हाय. उघड्या घमेल्यात उरलेलं."

"शिळं पाणी पिण्यात घातलंस? आईनं हेच शिकवलं व्हय?"

"आईनं न्हाय, टँकरनं," म्हणाली आणि शेण काढायला निघून गेली.

ओतून द्यावं असं मनात आलं, पण त्या साली पाणी ओतून द्यायला हात होईना. तसंच राहू दिलं. ताप उतरल्यावर मडक्याजवळ बसले तर आत तेल तापल्यासारखी बारीक चुरचुर. फडकं सोडलं. बोरं सगळी वर, भोवती फेस.

वाकून वास घेतला. औषधाचा झोंबरा वास कुठंच नव्हता. उघड्या घमेल्यात रात्रभर राहून तो उडून गेला होता. मी रीत पाळत होते आणि ताज्या पाण्यातलं औषध बोरं मारत होतं. रात्री शिवकांताच्या भाकरीवर तूप जास्त वाढलं.

पाणी गाळून बाटल्यांत भरलं आणि बाटल्या उलट्या करून वाळूत खोचल्या. उलटी केली की गोटी तोंडात येऊन बसते आणि आतला जोर वाढेल तशी घट्ट होत जाते. गोट्या बसल्याची खात्री झाली तशी एक बाटली पदराखाली घेतली आणि फाट्याला गेले. बायका तिथं दूध घालायला जातात, बसायला नाही. मी ऑफिसात जाऊन उभी राहिले.

कोंडीराम नावाचा धनगर आला होता. मेंढरं विकून त्यानं म्हैस घेतली होती आणि तिच्या दुधाला फॅट लागत नव्हतं. धुळाप्पा केशरी बाटली घेऊन दारात. मी पुढं होऊन माझी बाटली ह्यांच्या हातात दिली.

"काकू, माझ्या बाटलीचं काय?" कोंडीराम म्हणाला.

"तुमची तुमीच प्या. उन्हातनं चालत आलाय."

"अक्का, बाटल्या माझ्या, गिऱ्हाईक बी माझं," धुळाप्पा म्हणाला.

"बाटल्या धुऊन माघारी देते. गिऱ्हाईक माझ्या बापानं हुंडा मोजून आणलंय."

सगळे हसले. हे हसले नाहीत. कोंडीरामनं ह्यांच्या हातातल्या बाटलीच्या तोंडाशी पाझरलेल्या फेसाला नाक लावलं. "वास कसला म्हणायचा ह्यो? चेअरमनच्या घरी भट्टी लागली का काय?"

आता हसणंही थांबलं. ह्यांचा चेहरा काळा पडला. बाटली टेबलावर ठेवली असती तर पुन्हा कधी हातात घेतली नसती, मला माहीत होतं. चार माणसांत मी ह्यांच्याशी कधी तोंड उघडलं नव्हतं.

"अवं," मी म्हणलं, "चिंधी बांधून बांधून माझे हात दमले."

ह्यांनी अंगठ्यानं गोटी दाबली. फेस मनगटावरनं बाहीत गेला. अर्धी बाटली एका दमात प्यायले, तोंड वाकडं केलं आणि उरलेली कोंडीरामपुढं धरली.

"भट्टी कसली, बोरं हायत. घे."

कोंडीराम प्याला. "लई आंबट हाय."

"आंबटच आसतंय. आता तुझ्या म्हशीचं सांग. चारा काय घालतोस?"

समोरच्याची बाटली न घेता काम झाल्याचं फाट्यानं पहिल्यांदा बघितलं. त्यानंतर ह्यांची बाटली घरनं जायला लागली. रोज कुरकुर, गुळाचा खडा मोठा घाल म्हणून. मी घातला नाही.

अंगठा मात्र गेला. तो आधीच हातातनं गेला होता, डॉक्टर म्हणाला. पण पावलावरची जखम कोरडी पडली, पाय राहिला.

दवाखान्यातनं येताना एसटीत गर्दी. हे पट्टी बांधलेला पाय वाटेत लांब करून झोपले, डोकं माझ्या खांद्यावर. कंडक्टर अडखळला.

"मावशी, ह्यांचा पाय आत घ्या. मधी येतोय."

"येऊ द्या," मी म्हणलं. "हाय म्हणून येतोय."

तो वरनं पाय टाकून पुढं गेला.